‘आम्ही’ किती जणांचे? : ख्रिस्ती प्रार्थनेतील मागणे आणि स्वार्थ

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये जॉन वॉर्ड नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. लंडनजवळच्या हॅकनी येथील हा धनिक १७२२ मध्ये पार्लमेंटचा सभासद झाला. बनावट दस्तऐवजाच्या प्रकरणात १७२६ मध्ये सभागृहाने त्याची हकालपट्टी केली आणि पुढच्याच वर्षी भर चौकात लाकडी खोड्यात मान अडकवून उभे राहण्याची शिक्षा त्याला भोगावी लागली. अलेक्झांडर पोपने आपल्या उपरोधपर काव्यात त्याचा उल्लेख केल्यामुळे इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांना त्याचे नाव तळटीपांतून तरी भेटलेले असते. १७५५ मध्ये तो वारला. त्याच्या कागदपत्रांत त्याच्याच हस्ताक्षरातील एक प्रार्थना सापडली असे सांगितले जाते. ती पुढे अनेक संकलनांतून छापली गेली.

या प्रार्थनेत वॉर्ड प्रथम देवाला आपल्या मिळकतींचा तपशील देतो. लंडन शहरात नऊ मालमत्ता आहेत, एसेक्समध्ये नुकतीच एक जमीन घेतली आहे. तेव्हा मिडलसेक्स आणि एसेक्स या दोन परगण्यांना आग आणि भूकंप यांपासून वाचवावे. हर्टफर्डशरमधील एक जमीन आपल्याकडे गहाण आहे, म्हणून त्या परगण्यावरही कृपादृष्टी असावी. उरलेल्या परगण्यांचे देवाने आपल्या मर्जीप्रमाणे काय ते करावे. ज्या जहाजाचा विमा आपण उतरवला आहे ते सुखरूप परतावे, बँकेने हुंड्या वटवाव्यात, ऋणको सज्जन निघावेत, नोकर प्रामाणिक राहावेत. शेवटी एका उधळ्या तरुणाचाही उल्लेख येतो. त्याच्या मरणानंतर त्याची जमीन वॉर्डला मिळायची आहे. दुर्जनांचे आयुष्य अल्प असते या शास्त्रवचनाची आठवण तो देवाला करून देतो.

ही प्रार्थना खरोखर वॉर्डची असो वा कोणा उपहासकाराने त्याच्या नावावर रचलेली असो, तिच्यावर हसणे सोपे आहे. आपण नेमके कशाला हसतो हे सांगणे मात्र तितके सोपे नाही. वॉर्ड स्वतःसाठी मागतो, म्हणून? पण यांतील बहुतेक मागण्या सुट्या घेतल्या तर त्या कोणत्याही सश्रद्ध ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शोभतील. अँग्लिकन पंथाच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात पावसासाठी, उघाडीसाठी, महागाई आणि रोगराई टळावी यासाठी प्रार्थना आहेत. समुद्रावर म्हणावयाच्या प्रार्थनांचा एक स्वतंत्र विभागच आहे. तेव्हा जहाज सुखरूप यावे असे म्हणण्यात काही गैर असेल तर तो दोष सबंध प्रार्थनापुस्तकाकडे जातो. वॉर्डचा दोष वेगळ्या जागी आहे आणि ती जागा शोधताना ख्रिस्ती प्रार्थनेच्या इतिहासातील एक जुना, अजूनही न मिटलेला वाद आपल्यासमोर उलगडत जातो.

१

मराठी वाचक या प्रश्नाकडे बहुधा सकाम आणि निष्काम या जोडीच्या आधारे पाहतो. सकाम भक्ती कनिष्ठ, निष्काम भक्ती श्रेष्ठ, ही उतरंड आपल्या समीक्षेतही मुरलेली आहे. कवी देवाकडे काही मागू लागला की ती रचना आपण नकळत एक पायरी खाली ठेवतो. हीच फूटपट्टी ख्रिस्ती प्रार्थनेला लावली की मोठी अडचण उभी राहते, कारण त्या परंपरेच्या केंद्रस्थानी असलेली प्रार्थना अथपासून इतिपर्यंत मागण्यांचीच बनलेली आहे.

येशूने शिष्यांना शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांत आढळते. मत्तयातील पाठात पाश्चात्त्य परंपरेने सात मागण्या मोजल्या आहेत. पहिल्या तीन देवाच्या नावासाठी, राज्यासाठी आणि इच्छेसाठी, तर उरलेल्या चार माणसांच्या गरजांसाठी. आणि या चारांत पहिली भाकरीची आहे. क्षमा आणि मोहापासून सुटका या गोष्टी भाकरीनंतर येतात. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ही सारी मागणी अनेकवचनी आहे. तिच्यात ‘मी’ आणि ‘माझे’ हे शब्द कोठेही येत नाहीत.

त्याच शुभवर्तमानांत चुकीच्या मागण्यांचीही नोंद आहे. जब्दीचे पुत्र याकोब आणि योहान हे येशूच्या वैभवात त्याच्या उजव्या-डाव्या हाताची आसने मागतात. मार्क सांगतो की हे मागणे त्यांनी स्वतःच केले. मत्तयाने ते त्यांच्या आईच्या तोंडी घातले आहे. याकोबाच्या पत्रात तर स्पष्टच बजावले आहे की, आपल्या चैनीवर उधळण्यासाठी जे मागितले जाते ते मिळत नाही. उलट लूकच्या अकराव्या अध्यायात, प्रभूच्या प्रार्थनेला लागूनच, मध्यरात्री मित्राचे दार ठोठावणाऱ्या माणसाचा दृष्टान्त येतो. हा माणूस तीन भाकरी मागतो, नकार मिळाला तरी हटत नाही आणि अखेर त्याच्या चिकाटीमुळे त्याला त्या मिळतात. प्रवचनांतून या दृष्टान्तातील चिकाटीवरच भर दिला जातो. तथापि त्या भाकरी त्याला स्वतःला खायच्या नाहीत. त्याच्या घरी अवेळी पाहुणा आला आहे आणि घरात वाढण्यासारखे काही नाही. आसन मागणारे दोघे इतरांना मागे सारून मागतात. भाकरी मागणारा दुसऱ्याला आत घेऊन मागतो. पुढच्या दोन हजार वर्षांच्या वादाची दोन टोके अशी आरंभीच नोंदली गेली आहेत.

२

आरंभीच्या शतकांतील विचारवंतांना भाकरीची ही मागणी अवघड वाटली. अलेक्झांड्रियाच्या परंपरेतील ओरिजेनने इ. स. २३३-३४ च्या सुमारास ‘प्रार्थनेविषयी’ हा ग्रीक ग्रंथ लिहिला. देवाला सारे आधीच ठाऊक असेल तर मागायचे कशासाठी, या अँब्रोज आणि ताटियाना यांच्या शंकेला त्यात उत्तर आहे. ओरिजेनचा कल असा की, थोर आणि स्वर्गीय गोष्टी मागाव्यात. ऐहिक गोष्टी वस्तूमागून सावली यावी तशा येतात किंवा येत नाहीत, त्यांची चिंता करू नये. मग भाकरीचे काय? भाकरीच्या आधी येणारे ‘एपिऊसिओस’ हे विशेषण ग्रीक भाषेत अन्यत्र वापरात नाही, शुभवर्तमानकारांनीच ते घडवले असावे, असे त्याने नोंदवले आणि ही भाकरी आत्म्याचे अन्न आहे असा अर्थ लावला. पुढे जेरोमने लॅटिन भाषांतर करताना या एकाच शब्दासाठी मत्तयात ‘अस्तित्वापलीकडची’ अशा अर्थाचा, तर लूकमध्ये ‘रोजची’ अशा अर्थाचा शब्द योजला. एका विशेषणाच्या दोन भाषांतरांत सगळा वाद सामावलेला आहे. माणसाने देवाकडे पोटाला मागावे की नाही?

ओरिजेन सुखवस्तू घरात बसून भाकरीला तुच्छ लेखत होता असे समजणे अन्यायाचे होईल. त्याचा पिता धर्मासाठी मारला गेला होता आणि त्याने स्वतः आपली पुस्तके विकून रोजच्या चार ओबोल नाण्यांच्या मोबदल्यावर गुजराण केली, असे इतिहासकार युसेबिअस सांगतो. त्याची विरक्ती खरी होती. परंतु विरक्त माणसाने स्वतःपुरती मागणी सोडणे वेगळे आणि मागणे हीच खालची गोष्ट ठरवणे वेगळे. पहिल्यात तो स्वतः उपाशी राहतो. दुसऱ्यात, त्याच्या मनात नसतानाही, दुसऱ्या उपाशी माणसाची प्रार्थना हलकी ठरते.

कार्थेजचा बिशप सिप्रियन याने सुमारे २५२ मध्ये प्रभूच्या प्रार्थनेवर जे विवेचन लिहिले त्यात दुसरी दिशा दिसते. त्या काळी रोमन साम्राज्यात भीषण साथ पसरली होती. तिला पुढे सिप्रियनचेच नाव मिळाले. मृत्यूच्या त्या सावटाखाली तो व्याकरणाकडे लक्ष वेधतो. ही प्रार्थना एकट्याची नाही, सर्वांची आहे. म्हणून तिच्यात कोणी आपल्यापुरती भाकरी किंवा आपल्यापुरती क्षमा मागत नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे. भाकरी या शब्दात तो प्रभुभोजनाची भाकरी पाहतोच, पण रोजचे अन्नही वगळत नाही. फक्त आजचेच मागितल्याने साठा करण्याची वासना आपोआप नाकारली जाते, हेही तो दाखवून देतो. ओरिजेनने मागणीतील वस्तू बदलून स्वार्थ टाळण्याचा प्रयत्न केला. सिप्रियनने वस्तू तीच ठेवली आणि मागणारा कोण हे पाहिले.

३

या दोन दिशांचा सर्वांत खोल मेळ ज्या लेखनात सापडतो ते एक खासगी पत्र आहे. ४१० मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटले. रोममधील अत्यंत श्रीमंत घराण्यांपैकी एकाची वृद्ध विधवा अनिसिया फाल्टोनिया प्रोबा आपली सून आणि नात यांच्यासह आफ्रिकेच्या किनाऱ्याला आली. तेथेही पैशासाठी या निर्वासित स्त्रियांची पिळवणूक झाली, असे जेरोम लिहितो. या प्रोबाने हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याला विचारले की, काय मागावे हे आपल्याला कळत नाही असे पौल म्हणतो, तर मग मी काय मागू? ऑगस्टीनचे सुमारे ४१२ मधील उत्तर त्याच्या पत्रसंग्रहात १३० व्या क्रमांकावर आहे.

ऑगस्टीनला या प्रश्नातील नाजूकपणा कळला होता. सर्वस्व लुटले गेल्यावरही प्रोबाजवळ पुष्कळ काही उरले होते. म्हणून तो तिला पहिली सूचना अशी करतो की, तिने स्वतःला निराधार समजावे आणि मग प्रार्थनेला बसावे. संपत्ती असो वा नसो, मागणाऱ्याने मागण्यापूर्वी गरजवंतांच्या रांगेत जाऊन उभे राहायचे. त्यानंतर मागायचे काय? सुखी जीवन, हे त्याचे एका शब्दातले उत्तर. पण तो तेथे थांबत नाही. शरीराचे आरोग्य, जवळच्यांचा स्नेह आणि पुरेसे निर्वाहसाधन या गोष्टी रास्तपणे मागता येतात असे तो मान्य करतो. पुरेसे म्हणजे किती, याचेही माप तो देतो. ज्या माणसांत राहायचे त्यांच्यात विजोड दिसणार नाही इतके. गरिबी नको आणि श्रीमंतीही नको, या नीतिसूत्रांतील मागणीचा तो आधार घेतो.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या पत्रातील स्नेहाविषयीचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. स्नेह हा शब्द अरुंद करू नये, ज्यांना म्हणून प्रेम देणे लागते त्या सर्वांपर्यंत, अगदी शत्रूंपर्यंतही, तो पोचतो असे ऑगस्टीन सांगतो. म्हणजे आरोग्य आणि निर्वाह मागताना माणसाने ज्यांच्यासह ते मागायचे त्या वर्तुळाला बाहेरची कड नाही. देवाला सारे ठाऊक असताना मागायचे का, या जुन्या शंकेलाही तो येथेच उत्तर देतो. शब्दांनी देवाला माहिती मिळत नाही, मागणाऱ्याची इच्छा रुंदावते आणि जे मिळायचे ते घेण्याइतकी ती मोठी होते.

हे लिहिणारा माणूस स्वार्थी प्रार्थनेला अनोळखी नव्हता. तरुणपणी आपण देवाकडे संयम मागत असू आणि त्याच दमात तो इतक्यात मिळू नये अशी सवलतही मागत असू, हे त्याने ‘कन्फेशन्स’मध्ये मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने आपल्या महाग्रंथात ऐहिक गोष्टी मागाव्यात का हा प्रश्न पुन्हा घेतला तेव्हा त्याने याच पत्राचा आधार घेऊन निर्णय दिला. ज्याची इच्छा धरणे योग्य ते मागणेही योग्य. फक्त ते मुख्य ध्येय होऊ नये.

४

पण हे तत्त्व एका माणसाच्या खोलीतून सार्वजनिक जीवनात आले की अवघड होते. एकाचा पाऊस हा दुसऱ्याची नासाडी असू शकतो. दुसऱ्या शतकातील ग्रीक उपहासकार ल्यूशियन याने ‘इकारोमेनिप्पस’मध्ये माणसांच्या प्रार्थना ऐकत बसलेला झ्यूस रंगवला आहे. एका खलाशाला उत्तरेचा वारा हवा, दुसऱ्याला दक्षिणेचा. शेतकऱ्याला पाऊस हवा आणि कपडे धुणाऱ्याला ऊन. ल्यूशियन ख्रिस्ती नव्हता, पण त्याने उभी केलेली अडचण ख्रिस्ती राष्ट्रांना पुढे शतकानुशतके भेडसावत राहिली.

१८६० मध्ये इंग्लंडात अतिवृष्टी होत असताना उघाडीसाठी प्रार्थना करण्यास कादंबरीकार आणि धर्मोपदेशक चार्ल्स किंग्सले याने नकार दिला. आपल्या पिकाला त्रास देणारा पाऊस इतरत्र घाण आणि रोगाचे बीज धुऊन नेत नसेल कशावरून, असा त्याच्या प्रवचनाचा रोख होता. त्याला विज्ञानाविषयी आदर होता हे खरे, पण हा मुद्दा विज्ञानापेक्षा नीतीचा आहे. आपल्या मागणीची किंमत कोण मोजणार याचा विचार न करता मागणे त्याला श्रद्धेचा अभाव वाटला.

मार्क ट्वेनने १९०५ च्या सुमारास लिहिलेली आणि त्याच्या मृत्यूनंतर १९२३ मध्ये ग्रंथात आलेली ‘द वॉर प्रेअर’ ही छोटी कथा हाच धागा टोकाला नेते. युद्धावर निघालेल्या तरुणांसाठी चर्चमध्ये विजयाची प्रार्थना चालू असते. एक वृद्ध अनोळखी माणूस पुढे येतो आणि त्या प्रार्थनेचा न उच्चारलेला अर्धा भाग मोठ्याने सांगतो. तो शत्रूच्या घरांच्या, विधवांच्या आणि मुलांच्या विनाशाची मागणी असतो. लोक त्याला वेडा ठरवतात. प्रार्थनापुस्तकातील ‘आम्ही’ येथेही आहे. तो अनेकवचनीच आहे आणि तरीही स्वार्थी आहे. तेव्हा केवळ अनेकवचन पुरेसे नाही. सिप्रियनच्या व्याकरणाला ऑगस्टीनच्या शत्रूपर्यंत पोचणाऱ्या स्नेहाची जोड नसेल तर राष्ट्राचा ‘आम्ही’ हा वॉर्डच्या ‘मी’चाच मोठा अवतार ठरतो.

५

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रश्नाला वेगळे वळण मिळाले. इमॅन्युएल कांटने १७९३ च्या आपल्या धर्मविषयक ग्रंथात, देवाची मर्जी मिळवण्याचे साधन म्हणून केलेली प्रार्थना हा अंधश्रद्ध भ्रम आहे आणि तिचे खरे मर्म चांगले वागण्याच्या संकल्पात आहे, असे प्रतिपादन केले होते. फ्रान्सिस गाल्टनने आकड्यांनीच हिशेब मांडला. ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’च्या ऑगस्ट १८७२ च्या अंकात त्याने प्रार्थनेच्या परिणामकारकतेची सांख्यिकीय तपासणी प्रसिद्ध केली. राजाच्या दीर्घायुष्यासाठी देशभर नित्य प्रार्थना होते. मग राजघराण्यातील माणसे जास्त जगली पाहिजेत. त्याने दिलेल्या तक्त्यात राजघराण्यांतील ९७ पुरुषांचे सरासरी आयुर्मान ६४.०४ वर्षे, धर्मोपदेशकांचे ६९.४९ आणि जमीनदार वर्गाचे ७०.२२ वर्षे निघाले. राजे सर्वांत तळाशी होते. विमा कंपन्या बारीकसारीक धोके मोजतात, पण जहाजावर वा घरात प्रार्थना होते की नाही हे विचारत नाहीत, याकडेही त्याने लक्ष वेधले. नवसाने मुले होत असतील तर नवऱ्याची गरज काय, हा तुकारामांच्या नावाने प्रसिद्ध असलेला सवाल ज्यांना ठाऊक आहे त्यांना गाल्टनची पद्धत परकी वाटणार नाही.

हा प्रयोग पुढेही चालू राहिला. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी १,८०२ बायपास रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये ‘अमेरिकन हार्ट जर्नल’मध्ये आला. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे निश्चित ठाऊक नसलेल्या दोन गटांपैकी ज्यांच्यासाठी ती झाली त्यांत ५२ टक्के रुग्णांना आणि ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांत ५१ टक्के रुग्णांना गुंतागुंत उद्भवली. प्रार्थना होत असल्याचे ज्यांना सांगितले होते त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के होते.

गाल्टनने वॉर्डचा देव मोडीत काढला यात शंका नाही. विमा उतरवलेल्या जहाजाची काळजी घेणारा, गहाण जमिनीचा परगणा वाचवणारा देव आकडेवारीत सापडला नाही. पण ऑगस्टीनने प्रोबाला सांगितलेली गोष्ट या तक्त्यात मोजलेलीच नव्हती. गाल्टनने स्वतःही लेखाच्या अखेरीस, प्रार्थनेने मनाला बळ आणि दुःखात शांती मिळते हे आपण नाकारत नाही, असे नमूद केले आहे.

६

गाल्टनचा लेख प्रसिद्ध झाला त्या काळात ब्रिस्टल शहरात एक माणूस नेमकी उलट आकडेवारी ठेवत होता. प्रशियात १८०५ मध्ये जन्मलेल्या जॉर्ज म्युलरने १८३६ मध्ये ब्रिस्टलला अनाथ मुलांसाठी घर काढले. १८७० पर्यंत अ‍ॅशली डाउन येथे पाच इमारतींतून २,०५० मुलांची सोय झाली. कोणाही माणसाकडे पैसे मागायचे नाहीत, कर्ज काढायचे नाही, फक्त देवाकडे मागायचे हा त्याचा नियम होता. आलेली प्रत्येक रक्कम तो लिहून ठेवी आणि अहवाल छापी. हे अहवाल छापणे म्हणजेच अप्रत्यक्षपणे मागणे, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला आणि तो अगदीच निराधार नाही. पण वॉर्ड आणि म्युलर यांच्या दोन याद्या शेजारी ठेवल्या की फरक कळतो. दोघेही तपशीलवार, निःसंकोच, आकड्यांत मागतात; म्युलरच्या यादीत मात्र इतरांच्या मुलांचे दूध आणि भाकरी आहे.

म्युलरचे हे लेखन पंडिता रमाबाईंच्या वाचनात आले आणि येथे हा इतिहास महाराष्ट्रात पोचतो. रमाबाईंना मागणाऱ्या भक्तीचा पूर्वानुभव होता आणि तो भीषण होता. दुष्काळात त्यांच्या कुटुंबाने देवांना प्रसन्न करण्यासाठी जवळचे सारे द्रव्य दानधर्मात आणि अनुष्ठानांत घालवले. शेवटी आई, वडील आणि बहीण यांचा मृत्यू त्यांना पाहावा लागला. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला; १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू केले. पुढे म्युलर, चीनमधील एक मिशन आणि जॉन पेटन यांच्याविषयीची पुस्तके वाचून, केवळ देवावर विसंबून असे कार्य भारतात चालेल का, हा प्रश्न त्यांना पडला. १९०७ च्या ‘साक्षी’त त्यांनी १८९६ च्या लोणावळ्याच्या मेळाव्याची आठवण सांगितली आहे. ख्रिस्ताकडे आलेल्या पंधरा मुली त्यांच्याबरोबर होत्या. या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे त्या दोनशे पंचवीस व्हाव्यात, असे मागणे त्यांनी केले. त्याच वर्षाच्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेथे गेल्या आणि त्यांनी शेकडो मुली व विधवा आणल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात ठेवता येईनात म्हणून त्यांना केडगावला नेले. १९०० च्या दुष्काळानंतर मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

दुष्काळातील धर्मांतरांवर जो आक्षेप सर्वत्र घेतला गेला तो आपल्या विषयाच्या मुळाशी भिडतो. ही माणसे श्रद्धेने आली की पोटासाठी? त्यांची प्रार्थना खरी की भाकरीचा मोबदला? या प्रश्नातला एक भाग रास्त आहे आणि तो देणाऱ्याला विचारला पाहिजे. भाकरीवर अट होती का, दोनशे पंचवीस ही संख्या आधी आली की त्या मुलींची भूक, हे विचारण्याचा अधिकार इतिहासाला आहे. आत्म्यांची संख्या मागणे ही निःस्वार्थ मागणीच असते असे गृहीत धरता येत नाही. परंतु हाच प्रश्न भुकेल्या मुलीला विचारला की तो क्रूर होतो. ज्या प्रार्थनेत भाकरीची मागणी क्षमेच्याही आधी येते, ती म्हणणाऱ्या उपाशी मुलीला तू भाकरीसाठी म्हणतेस असे हिणवणे म्हणजे त्या प्रार्थनेच्या शब्दांनाच हिणवणे होय.

गीतेने भक्तांचे चार प्रकार सांगताना आर्त आणि अर्थार्थी असे दोन वेगळे शब्द वापरले आहेत आणि चौघांनाही उदार म्हटले आहे. आपल्या सकाम-निष्काम या ढोबळ विभागणीत आर्त आणि अर्थार्थी एकाच खान्यात कोंबले जातात. मध्य प्रांतातील मुलगी आणि हॅकनीचा वॉर्ड यांना एका खान्यात ठेवणारी कोणतीही कसोटी सदोष आहे.

७

हा वाद संपलेला नाही याचा एक पुरावा २००० साली अमेरिकेत मिळाला. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात, वंशावळीच्या लांबलचक यादीमध्ये, याबेस नावाच्या माणसाची एका वचनाची प्रार्थना आहे. देवाने आशीर्वाद द्यावा, आपली सीमा वाढवावी आणि पीडा टाळावी असे तो मागतो आणि देव ते देतो. ब्रूस विल्किन्सन यांनी या एका वचनावर ‘द प्रेअर ऑफ जाबेज’ हे छोटे पुस्तक लिहिले. त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. लेखकाने सीमेचा अर्थ सेवेची संधी असाही लावला होता. तरीही सीमा वाढवून मागताना शेजारच्या जमिनीचे काय, हा प्रश्न टीकाकारांनी उपस्थित केला. समृद्धीचा संदेश देणाऱ्या चर्चमधून तो आजही अनुत्तरित आहे. याबेसच्या नावाचा संबंध मूळ कथेत वेदनेशी जोडलेला आहे. त्याची मागणी आर्ताची होती. ती आधीच रुंद सीमा असलेल्याच्या तोंडी गेली की तिचा अर्थ बदलतो. शब्द तेच राहतात.

साहित्याच्या अभ्यासकाला यातून एक साधे साधन मिळते. मराठीतील ख्रिस्ती काव्य असो, संतांची करुणाष्टके असोत वा एखाद्या आत्मचरित्रातील हाक असो, त्यात मागणे आहे की नाही यावरून रचनेची प्रत ठरवण्याऐवजी त्या मागण्यात कोणाला जागा आहे आणि कोण दाराबाहेर राहिले आहे हे वाचावे. वॉर्डने इतके सारे मागितले म्हणून तो हास्यास्पद ठरत नाही. उरलेले परगणे त्याने एका वाक्यात सोडून दिले, तेथे त्याची प्रार्थना संपते. लूकच्या दृष्टान्तातील माणूसही शेजाऱ्याची झोप मोडून, न लाजता, मोजून तीन भाकरी मागतो. त्याला स्वार्थी म्हणण्यापूर्वी त्याच्या घरात कोण येऊन बसले आहे ते एकदा पाहून यावे.